तीनदा विचारायची रीत

प्रिय हॉल्गर,

सकाळपासून कशात म्हणून लक्ष लागत नाही. केक करपला, मांजराला दोनदा खायला घातलं. समोर तुझ्या ओट्यावर खोकी रचलेली दिसतात आणि मी पुन्हा पुन्हा खिडकीशी जाते. शनिवारी तू स्टॉकहोमला मुलाकडे कायमचा चाललास, हेसुद्धा मला सीगब्रितकडून कळावं! ती शेजारीण, गप्प कशी बसेल? “घे! एवढा चांगला माणूस घालवलास,” म्हणाली.

आमच्या दक्षिणेकडे, स्कोनेत, एक शब्द आहे, त्रूगा. पाहुण्याला आग्रह करणं. कोशात पाहिलं, तर जुना अर्थ दाबणं, धमकावणं! हसूच आलं, कारण आमच्याकडे आग्रह तसाच असे. मावशीकडच्या जेवणाला सगळ्या बायका भिंतीला चिकटून उभ्या. सूप निवतंय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि आई म्हणतेय, “नको गं, आत्ताच खाऊन आले.” पहिल्या हाकेला बसली ती हावरट. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा मावशीनं ओढत नेलं की बसायचं, तेही उपकार केल्यासारखं.

आणि तू, स्कोनेबाहेरचा! पहिल्यांदा माझ्याकडे आलास, ‘नको’ म्हणालास, ते खरोखरच नको होतं. मी मेली वाढत राहिले, तू भिडेपोटी खात राहिलास आणि दोन दिवस पोट धरून पडलास. मग तुझ्याकडे मी कॉफीला ‘नको’ म्हटलं, तर तू सरळ किटली आत नेऊन ठेवलीस! घरी येऊन स्वतःच करून प्यायले, तुला शिव्या घालत.

मे महिन्यात तू कुंपण रंगवता रंगवता म्हणालास, “गुनवोर, माझ्याकडेच राहायला ये ना.” मी म्हटलं, “नको रे, या वयात कसलं!” तू “बरं” म्हणालास आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवलास. नुसतं बरं! तू पुन्हा विचारशील म्हणून मी रोज केस नीट करून खिडकीशी बसत होते. तुमच्याकडे बाईनं एकदा नाही म्हटलं की तिला पुन्हा छळायचं नाही, हा सभ्यपणा, ठाऊक आहे मला. पण राग येतो रे तुझा. माझा त्याहून जास्त.

ते माझं पहिलं ‘नको’ होतं, हॉल्गर. दुसरं म्हणायला मला वेळ नाही, शनिवार आला. येते मी राहायला. सामान परत लाव, फक्त कपाटाची एक बाजू माझ्यासाठी मोकळी ठेव.

पुन्हा न विचारताच तुझी झालेली,
गुनवोर