सोनुबाईची मनीऑर्डर

॥ श्री ॥

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६५

राजमान्य राजश्री धाऊबुवा, मुक्काम कुंभिवली, यांसी व्याही सहदेव याचा हात जोडून रामराम. इकडे आम्ही देवाच्या दयेने ठीक (माझे गुडघे सोडून), तुमच्याकडची खुशाली कळावी. विहीणबाई आवडीबाईंचा खोकला सुटला का? बैलाच्या खांद्याची सूज उतरली का? तुमच्या सडकेवरून मिलिटरीच्या मोटारी फार धावतात असं ऐकतो, तेव्हा जनावरं तिकडे सोडत जाऊ नका. आमची सूनबाई सोनुबाई, म्हणजे तुमचीच लेक, सुखात असेल. तिला परत पाठवायची मुळीच घाई नाही. माहेरपणाला आली आहे, राहू दे. तिनं इकडचं काही सांगितलं असेल तर त्यातलं निम्मं खरं धरा. कोणतं निम्मं, ते खाली लिहितो.

तुम्हाला ठाऊकच आहे, शिपाई पलटणीत गेला की त्याच्या घरी सरकार दरमहा पैसे पाठवतं. आमच्या नामानं भरतीच्या वेळी कागदावर नाव दिलं ते बापाचं नाही, आईचंही नाही, बायकोचं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं ज्यानं माथेरानवर साहेबलोकांच्या ट्रंका वाहून पोर वाढवलं, त्यानं ओट्यावर बसायचं आणि काल आलेली सून सगळ्या गावासमोर अंगठा उठवून नोटा घ्यायची. पहिल्या खेपेला तिनं त्या तशाच सासूच्या ओटीत टाकल्या. आमची अंबाबाई जन्मात नोटेला शिवली नव्हती. तिनं त्या निखाऱ्यासारख्या झटकून परत सुनेच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तुज्याकडंच ठेव गं माय, माज्याकडनं उंदीर नेतील." झालं, तेव्हापासून घराचा कारभार कुणाकडे गेला ते कुणालाच सांगावं लागलं नाही.

कारभार वाईट केला असं मी म्हणत नाही. आमच्या घराला कुडाचं झापच होतं, तिनं सुतार बोलावून फळ्यांचं दार बसवलं, कडीसकट. (दार नव्हतं तोवर चोर कधी मनात आला नाही. कडी आल्यापासून शेतावरून चारदा येऊन मी ती बघून जातो.) चहा सुरू झाला. गुळाचा का होईना, पण सकाळी बशीत ओतलेला, आणि पहिली बशी सासू सुनेपुढे सरकवते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. शेजारचा लडकू मला कधी विडी देत नसे, तो 'सहदेवराव' म्हणू लागला. माणूस एकाएकी राव म्हणू लागला की मला धडकीच भरते. आणि एके दिवशी मी खोबणीतला ओझ्याचा दोर काढतो आहे, तर सूनबाई चुलीपासून म्हणते, "मामा, आता डोंगरावर नाय जायाचं. तुमचे गुडघे वाजतात ते मला हितं ऐकू येतात." मी ओरडलो, गुडघे माझे आहेत म्हणालो. पण दोर परत खोबणीत ठेवला. धाऊबुवा, त्या दिवशी मी परसात जाऊन थोडा रडलो, ते विहीणबाईंना सांगू नका.

आता रिकामा माणूस काय करणार? मी टपालवाल्याची वाट बघू लागलो. पोराच्या हातचं पत्र चार महिने नाही. पूर्वी येत तेव्हा मीच वाचून दाखवी (तिसरी शिकल्याचा तेवढाच उपयोग), आणि काही ओळी अशा असत की सासऱ्यानं सुनेला कशा वाचायच्या, म्हणून मी खोकून पुढे जाई. पत्रं थांबली तरी मनीऑर्डर येत होती, म्हणून घर शांत होतं. पैसे आले म्हणजे नामा आहे, एवढा साधा आमचा हिशेब. सरकार मेलेल्या माणसाचे पैसे कशाला पाठवील?

आणि भाद्रपदात टपालकचेरीत नवे मास्तर आले. कुठल्याशा गावी भलत्याच बाईनं अंगठा लावून दुसरीचे पैसे उचलले म्हणे, म्हणून त्यांनी नियम काढला की बाईनं स्वतः कचेरीत यायचं, नवऱ्याचं नाव आपल्या तोंडानं सांगायचं, मग पैसे. आम्ही तिघं सकाळचं चालत निघालो. मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आमच्या सुनेनं सासूकडे पाहिलं. मी म्हणालो, नामा सहदेव. ते म्हणाले, तुम्हाला नाही विचारलं, तुमचा नवरा नाही तो. (हसायला कचेरीत माणसं पुष्कळ होती.) अंबाबाईनं सांगून पाहिलं की आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मास्तर बिचारे घाटावरचे, समजूतदार. म्हणाले, त्यांच्याकडच्या बायकाही असंच करतात, पण उखाण्यात घेतात, तसं घ्या, मी लिहून घेतो. सगळी कचेरी कान टवकारून उभी राहिली. सोनुबाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाताच्या खळ्यावर सांडली रास," मग नावापाशी येऊन ओठ घट्ट मिटले, एक श्वास घेतला, आणि पुढचं म्हणाली, "सुखरूप घरी येवोत, हीच मला आस." मास्तरांनी लेखणी वर धरली होती ती तशीच राहिली. "अहो बाई, मधलं कुठं गेलं?" अंबाबाई म्हणाली, "मधलं पलटणीत गेलंय, साहेब."

पैसे परत गेले.

याचं कारण, धाऊबुवा, बायकांची खुळं. आमच्या आळीतल्या गोदूबाईनं चैत्रात पुतणीच्या लग्नात हौसेनं नवऱ्याचं नाव घेतलं, तोही पलटणीतच, आणि आठव्या दिवशी तार आली. तेव्हापासून लढाईवर गेलेल्या माणसाचं नाव बायकोनं घेतलं की मरण त्याचा पत्ता काढतं, असं गावात पसरलं. आणि आमच्या घरात सोनुबाईला देवापुढे शपथ घातली गेली, की नामा दारात उभा राहीपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. असल्या अडाणी समजुतींपुढे शहाण्या माणसानं काय करावं?

वाटेत मी दोन शब्द बोललो. नाव घेतलं असतंस तर जीभ झडली नसती, एवढंच. (कदाचित आणखी दोन.) तिनं घरी येऊन भाकऱ्या थापल्या, मला वाढलं, दाराची कडी नीट लागते का बघून घेतली आणि सकाळी गाठोडं घेऊन तुमच्याकडे निघून आली. मग पुढच्या महिन्यात मनीऑर्डर आलीच नाही, आणि त्याच्या पुढच्याही. आता ती परत गेली म्हणून थांबली, की दुसऱ्या काही कारणानं थांबली, हे मला सांगणारं कुणी नाही. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, बाईंना आणा. चहा बंद आहे, त्याचं काही नाही. मी पुन्हा डोंगरावर जातो, त्याचंही काही नाही. अंबाबाई दिवसातून एकदा विचारते, "थांबली म्हंजी काय वो?" आणि मी तिच्यावर खेकसतो, कारण तेच मी दिवसभर स्वतःला विचारत असतो.

असो. मळणी चांगली चालली आहे. विहीणबाईंना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. लोभ आहे तो वाढवावा, चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला व्याही,
सहदेव

ता. क. वर घाई नाही असं लिहिलं आहे. थोडी आहे. पत्र लडकूच्या हाती देतो आहे, त्याची गाडी कुंभिवलीत भाताचा पेंढा उतरवून रिकामी परतते. रिकामी गाडी आणणं बरं नव्हे.

दुसरा ता. क. शपथ अंबाबाईनं घातली असं तुम्हाला वाटलं असेल, मी तसं वाटावं असंच लिहिलं. शपथ मी घातली. गोदूबाईकडच्या तारेतला मजकूर टपालवाल्याकडून समजून घेऊन तिला मीच सांगितला होता, त्याच दिवशी घरी येऊन सुनेच्या हातात भंडारा दिला आणि बोलून घेतलं. आणि तिनं ती पाळली म्हणून तिलाच भर रस्त्यात बोललो. काल नारळ फोडून देवापुढे शपथ सोडवली आहे. तिला सांगा, तिनं नाव घ्यावं, न घ्यावं, तिची मर्जी. पैशाचं नाव मी काढणार नाही.

तिसरा ता. क. शुद्ध प्रतिपदेला टपालवाला एक पाकीट देऊन गेला. सोनुबाईच्या नावाचं आहे, वर सरकारी शिक्का, अक्षर नामाचं नाही. तिची सगळी पत्रं आजवर मीच फोडली, पण हे माझ्यानं फोडवत नाही. ते देव्हाऱ्यात आहे. अंबाबाई रोज सकाळी त्याच्यावर फूल ठेवते आणि माझ्याकडे बघत नाही. टपालवाला म्हणतो, वाईट बातमी तारेनं येते, एवढं जाड पाकीट करून कुणी पाठवत नाही. मला ते पटतं. तिला गाडीत बसवण्याआधी पाकिटाचं सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी चार दिवस तेच ठरवतो आहे.