अव्वाचा नकार

हुपरी, ७ ऑगस्ट २००६

प्रिय शांभवी,
आण्णाचे तुला आशीर्वाद.

काल तुझ्या घरून, कुरुंदवाडहून, जावई प्रभुलिंगरावांचा फोन आला. किरणांचे बाहेरचे पंचवीस शेक निमूट घेतलेस आणि आता गुरुवारचा आतला शेक नको म्हणून हटून बसलीस. अव्वानं जे घेतलं नाही ते मीही घेणार नाही, म्हणतेस म्हणे. लहानपणापासूनची हेकट तू! पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सत्त्याण्णव साली अव्वाला हाच आजार झाला, तेव्हा धाकट्याच्या वेळचे तुझे दिवस भरत आले होते. कोल्हापूरच्या दवाखान्यात मीच तिला न्यायचो. तिला मराठी बाजारापुरतं यायचं, म्हणून डॉक्टर मला सांगायचे आणि मी तिला कन्नडमध्ये. बाहेरचे शेक संपत आले तसं त्यांनी मला एकट्याला बसवून समजावलं. बाहेरच्या शेकानं गाठ आकसते, पण मुळाशी पुरेसा जोर पोचवायचा तर गर्भपिशवीच्या तोंडाशी नळी ठेवून आतूनही द्यावा लागतो. तेव्हा त्यासाठी दीड दिवस एकटीनं, न हलता पडून राहावं लागायचं. तुझ्या दवाखान्यात नवं मशीन आहे. काही मिनिटांत होतं, फक्त तीन-चारदा जावं लागतं. पण एकाचं काम दुसऱ्यानं भागत नाही, हे तेव्हाही तसंच होतं. चांदीच्या पैंजणाच्या सांध्याचा डाग वरवर तापवला तर आतून कच्चा राहतो, हे हुपरीत जन्मलेल्या मला कळू नये? ‘आईला नीट इचारून सांगा की पावणं, घाबरण्यासारखं काय न्हाय,’ असं डॉक्टर म्हणाले.

अव्वा बाहेर बाकावर बसली होती. नळी कुठून घालतात, हे आपल्या आईला मुलानं कुठल्या शब्दांत सांगायचं? तुझ्या वहिनीला, सुष्मिताला सांगितलं असतं तर तिनं सासूला समजावलं असतं, पण बायकोशी बोलायचीही लाज वाटली. अव्वाला म्हणालो, संपलं, चल घरी. आत जाऊन डॉक्टरांना म्हणालो, आई नको म्हणते. एस्टीत ती किती खुशीत होती! सोमवारपासून पैंजणाच्या कड्या जोडायला बसते म्हणाली, आणि बसलीही. पुढच्या वर्षी गेली.

शांभवी, अव्वा नको म्हणालीच नव्हती. मी तिला विचारलंच नाही. नऊ वर्षं तुम्हा सगळ्यांना तिचा म्हणून जो नकार सांगत आलो, तो माझा होता. मला वाटेल ते बोल, पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस, पण गुरुवारी दवाखान्यात जा. अव्वाला जगायचं होतं गं.

तुझाच, तोंड दाखवायची लाज वाटणारा
वीरेशआण्णा