गोठ्यातला उलटा खांब

१२ मे १९६३
गोठ्याचा मधला खांब वाळवीने बुडाशी पोखरला. बोट घातलं तर आरपार. नवा बाभळीचा आणला, साल काढली. शेंड्याच्या टोकाला गेरूची खूण केली. शेंडा जमिनीत, बूड वर. बापाने असाच रोवलेला, तो बापाच्या हयातभर टिकला. उलट्या लाकडात ओल चढत नाही.
सुतार म्हणे, "आबा, उलटा खांब घराले चांगला नसते."
"वाळवीले सांग," म्हटलं.

१४ मे
काल वळवाचा पाऊस. खूण धुऊन गेली. दोन्ही टोकं सारखीच. चारदा उठून पाहिलं, शेवटी एक टोक शेंड्याचं ठरवलं. ते टोक जाळून कोळसा केला. वर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत बिब्ब्याचं तेल. मनगट उतलं, फोडच फोड. नामदेवने भोवती दगड ठासले. पोरगा कामाला बरा.
म्हातारी : "सुनेले दिवस गेले अन् तुमी उलटं लाकूड रोवून राह्यले!"
रोवला.

२९ सप्टें.
सून सुमित्रा बाळंतपणाला माहेरी गेली, धाड गावी. गोठ्यातून जाताना खांबाला पदर लागू दिला नाही. मनाला लागलं ते.

१७ नोव्हें.
नात झाली! नामदेव पाहून आला. नाक माझं म्हणे. इवायाचा, सुनेच्या बापाचा, निरोपही आणला : उलटा खांब काढा, मंग माय-लेकी पाठवतो.
"बाबा, एक खांब तं आहे. सरळ करून टाकू."
"आज खांब. उद्या म्हणतीन म्हातारा काढा."
पोरगा हसला नाही.

८ डिसें.
खांबाभोवती हातभर उकरलं. कोळसा शाबूत, वाळवी नाही. शेजारच्या खांबावर मात्र मातीच्या नळ्या चढल्यात. म्हातारीला बोलावून दाखवलं.
"खांब टिकला. नात कुठी हाय?" म्हणाली, आत गेली.
माती लोटताना तेलाचा थर खरवडला गेला. खाली छाटलेल्या फांदीची गाठ. फांदी शेंड्याकडे झुकून निघते. ही गाठ वर झुकलेली.
म्हणजे शेंडा वर. खांब सरळ आहे. सात महिने सरळच.
मग वाळवी थांबली ती कोळशाने, बिब्ब्याने. बाप सांगायचा ते…

९ डिसें.
एक वाक्य बोललो की नात घरी येते. पण मग म्हणतील, बघा, खांब सरळ होता म्हणून सून सुखरूप सुटली. त्यांचं भेव खरं ठरणार. नाही. गाठीवर परत तेल फासलं. दुसरं मनगटही उतलं.

१० डिसें.
उद्या सकाळच्या एस.टी.ने मीच धाड गावी जातो. म्हातारीने टोपडं शिवलंय. इवायाला तोंडावर सांगणार, खांब हलणार नाही. त्यात खोटं काही नाही. नात दाखवा म्हणणार. तरी तो नाहीच म्हणाला, आणि आतून पोरीचा आवाज आला, तर ते एक वाक्य…