बिनसाखरेचा दुसरा कप

नंदे, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे परदेशात, टॅला गावात, सगळं ठीक आहे. मुलगा देवदत्त मला नीट ठेवतो. हे गेल्यावर मी रडले का, असं विचारतेस. नाही गं. येतच नाही.

शेजारी इजिप्तचा फरीद लेकीकडे राहतो. जन्मभर सिनेमे काढले, आता कोणी विचारत नाही. आपली नात तन्वी त्याचं इंग्रजी बोलणं मला मोडक्या मराठीत सांगते. म्हणाला, "रडक्या नट्यांना मी घरी पाठवायचो. मला तुमच्यासारखा चेहरा हवा असायचा."

म्हटलं, "मग घे मला."

"कॅमेरा कधीच विकला."

सकाळी हात अजूनही दोन कप चहा टाकतो. यांचा कप मी फरीदला देते. डायबेटीस यांना होता, पण तोही बिचारा बिनसाखरेचा पितो.

तुझी अक्का