ताईची पक्की डिस्क, घरची पुसायची

बाबा, गेल्या आठवड्यात मी सीताबर्डीवरून डीव्हीडी रायटर घेऊन आले. तुम्हाला हसू येईल. दुकानदारालाही आलं. "मॅडम, आता कोण घेते हे? पेन ड्राइव घ्या ना," असं म्हणत त्यानं वरच्या फळीवरून धुळीनं माखलेलं एक खोकं काढलं. खोक्यावर तीच सगळी ओळखीची अक्षरं होती, आर, आरडब्ल्यू, प्लस, मायनस. त्यानं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "प्लस आणि मायनस दोन्ही वाचते ना हे? आणि कोऱ्या डिस्का मायनस आरच द्या." तो बघतच राहिला. मला हे सगळं येतं, कारण तुम्ही ते शिकत होता तेव्हा मी शेजारी बसलेली असायची. पण तुम्ही ते माझ्यासाठी शिकला नव्हता, ताईसाठी शिकला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या एका गोष्टीनं माझ्या पोटात दुखतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं डिस्कवरून रुसावं, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

ताई लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि त्या भाद्रपदात आपल्याकडे पहिल्यांदा तिच्याशिवाय महालक्ष्म्या बसल्या. थोरल्या महालक्ष्मीला साडी नेसवताना आईचे डोळे सारखे भरून येत होते. तुम्ही कंपनीतल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला, सगळं शूटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी मला स्कूटीवर मागे बसवून डीव्हीडी रायटर घ्यायला बर्डीवर गेलात. दुकानदारानं विचारलं, "डिस्क प्लस देऊ का मायनस?" हिंगण्याच्या कारखान्यात अख्खं आयुष्य तपासणी खात्यात काढलेला माझा बाप तिथं अडला. मग म्हणाला, "जे चांगलं असन थे द्या." त्यानं प्लसचा गठ्ठा दिला. ती डिस्क पोस्टानं समुद्रापार गेली, आणि ताईच्या घरच्या प्लेअरनं ती तोंडातही घेतली नाही. फोनवर तुम्ही किती वेळ बोलत होता! "बाई, तुह्या मशीनवर काय लिहून आहे थे वाच बरं. मायनस हाय का प्लस? नीट पाह्य. चष्मा लाव." उरलेल्या प्लसच्या डिस्का आईनं पोपट हाकलायला पेरूच्या झाडाला बांधल्या. प्रताप नगरात आपलं एकच झाड असं झगमगत असायचं.

मग तुम्ही हात धुऊन त्या विषयाच्या मागे लागलात. कंपनीच्या बसमधून उतरलात की चहा घ्यायच्या आधी कॉम्प्युटर. एके दिवशी जेवताना मला समजावलंत, की कंपन्यांचे दोन तट आहेत, एकानं मायनस काढलं, दुसऱ्यानं प्लस. दोन्हीत भरायचं तेवढंच मावतं, पण जुन्या प्लेअरांना बहुतेक मायनसच कळतं. आर म्हणजे लग्नपत्रिका, एकदा छापली की छापली. आरडब्ल्यू म्हणजे पाटी, पुसा आणि पुन्हा लिहा. आणि भरून झालं की डिस्क शेवटी बंद करावी लागते, नाहीतर दुसऱ्या मशीनला ती अर्धवटच वाटते. तुमचा चेहरा इतका खुलला होता की मीही मान डोलावत ऐकत राहिले. माझ्या बारावीच्या गणिताला तुम्ही असे कधी बसला नव्हता, हे मात्र तेव्हा मनात आलं.

तुमची पद्धत तुम्ही कारखान्यातूनच आणली होती. तिथं पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. तसंच घरात. दरवर्षी महालक्ष्म्या उठल्या की शूटिंग आधी पुसता येणाऱ्या डिस्कवर उतरवायचं, टीव्हीवर लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं, आवाज नीट आहे ना, मुखवटे नीट दिसतात ना, आणि सगळं पास झालं की मग ताईची पक्की डिस्क. ती बंद करायची, फडक्यानं पुसायची, पाकिटात घालायची. पुढच्या वर्षी घरची डिस्क पुसून तिच्यावरच नवी चाचणी. कॅमेऱ्याची कॅसेट तीच, कॉम्प्युटरमधली जागाही लगेच रिकामी. म्हणजे ताईकडे एकेक वर्ष जमत गेलं, आणि माझ्याकडे कायम एकच, तेही पुढचा भाद्रपद येईपर्यंत. सोळा भाज्या चिरणारी मी, आंबील ढवळणारी मी, आणि माझी सगळी वर्षं अमेरिकेत. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाबा, मले बी एक पक्की करून द्या ना." तुम्ही मान वरही केली नाहीत. "तुले कायले लागते वं डिस्क? तू तं इथंच आहेस." त्या दिवशी माझा तिळपापड झाला. मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे तुम्ही आईला विचारलंत, मला नाही.

या वर्षी ताई आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा महालक्ष्म्यांना घरी. बॅगेतून साड्यांच्या आधी तिनं डिस्कांचा डबा काढला. तिकडे आता लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते म्हणाली, आणि सगळं पेन ड्राइववर उतरवून हवं होतं. म्हणून तो रायटर. कोऱ्या डिस्का मात्र मी सवयीनंच घेतल्या. काल महालक्ष्म्या उठल्यावर आम्ही दोघी एकेक डिस्क लावत बसलो. आणि मला जे माहीतच नव्हतं ते ऐकू आलं. शूटिंग चालायचं तेव्हा मी स्वयंपाकघरात, आणि टीव्हीवर चाचणी चालायची तेव्हा भांडी घासत असायची, म्हणून कधी नीट ऐकलंच नव्हतं. तुम्ही कॅमेऱ्यामागून सतत बोलत होता, बाबा. घरात चार शब्द न बोलणारे तुम्ही. "ताई, हे पाह्य, यंदा धाकट्या महालक्ष्मीले हिरवं लुगडं नेसवलं. ताई, हा फुलोरा पाह्य, करंजी मोडली एक, तुही आई चिडून राहिली." प्रत्येक वाक्याला ताई. मी अधूनमधून ताट घेऊन चौकटीतून जाते, कपाळावर घाम, पदर खोचलेला, आणि कॅमेरा माझ्यासाठी थांबत नाही. ताई रडत होती. मी तिला पाणी आणून दिलं, आणि आतून नुसती जळत होते.

आज सकाळी ती आईला घेऊन देवळात गेली, तेव्हा मी माझी डिस्क काढली. घरची, पुसायची. तुमच्या शेवटच्या वर्षीची चाचणी तिच्यावर आहे हे मला ठाऊक होतं. ती पास करून तुम्ही ठेवलीत, ताईची पक्की करायच्या आधी छातीत दुखायला लागलं आणि आपण धंतोलीच्या दवाखान्यात गेलो. रिक्षातही म्हणालात, "घरी आलो की तिची डिस्क करतो." ताई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मी ती डिस्क कधी लावली नाही. आधी धीर नव्हता, मग लावायला मशीनच उरलं नाही. मला वाटत होतं ती खराब झाली असेल. पण नव्या रायटरनं ती लगेच उघडली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. आणि तुम्ही म्हणालात, "ताई, हे पाह्य. तुह्या बहिणीनं पुरण वाटलं, तुले आवडते तसं, जायफळ जास्त टाकून." माझ्या हातचं पुरण, आणि तेही तिच्या चवीचं! पुढे मी गरम कढीचं पातेलं घेऊन येते आणि म्हणते, "बाबा, सरका ना, भाजन." कॅमेरा हलतो, तुम्ही सरकता, आणि पुन्हा ताईशी बोलायला लागता. माझ्या वाट्याला जी एकच डिस्क उरली, तिच्यातही तुम्ही तिच्याशीच बोलताय. मी मशीन बंद केलं आणि ओट्यापाशी जाऊन उगाच उभी राहिले.

थोड्या वेळानं परत येऊन मी ताईची पक्की प्रत केली. मायनस आर. आधी घरची डिस्क शेवटपर्यंत पाहिली, मग प्रत उतरवून बंद केली, फडक्यानं पुसली. हे तुम्ही केलं असतं तसंच केलं. तेवढ्यात त्या दोघी आल्या. चप्पल काढतानाच ताईनं विचारलं, "त्या शेवटच्या वर्षाचं काही सापडलं का वं? बाबांनी केलं असन ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे एक डिस्क, पण चालून नाही राहिली." ती दारातच खुर्चीवर बसली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले काय वं. तुह्याजवळ तं बाबा रोज होते. शेवटी बी तूच होतीस. मी तिथं एकटीनं टीव्हीसमोर बसून त्यायच्याशी बोलत होती, हाव बाबा, पाहून राहिली बाबा. थे ऐकत तं नव्हतेच. मले फार वाटते, मी तुह्या जागी असती तं."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माझं मन विरघळेल. तसं झालं नाही, बाबा. मला आनंद झाला. मी चहा टाकायला म्हणून आत आले आणि स्वयंपाकघरात तुम्हाला हे लिहायला बसले. पत्र कुठं पाठवायचं नाही, चहा झाला की फाडून टाकीन. डिस्क कणीच्या डब्याच्या मागे ठेवली आहे. ताई जायच्या आधी तिला देईन, तेवढी मी वाईट नाही. पण तिला माझा हेवा वाटतो हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि डिस्क हातात पडली की तो संपेल. म्हणून आज देत नाही.