गढूळच राहिलेलं पाणी

यवत, मे २००३, शनिवार संध्याकाळ

दिवाळी अंकातली ती गोष्ट आज पुन्हा काढली. वीस वर्षांनंतरचं गाव, पाण्यासाठी माणसं एकमेकांची डोकी फोडतात आणि कालवा लालभडक होतो. लेखकानं कालवा कधी पाहिलेला दिसत नाही.

मी आज दुपारी पाहिला. पाण्याची पाळी महादूची असताना त्याच्या शेजारच्या सोपाननं कालव्यातून शेतात पाणी आणणाऱ्या चारीचं दार उघडून पाणी आपल्या उसाकडं वळवलं. महादूनं मागून येऊन त्याच्या डोक्यात फावडं घातलं. सोपान चारीतच पडला. पाणी लाल वगैरे झालं नाही. गढूळ होतं, गढूळच राहिलं, आणि तसंच उसात गेलं. सोपानला पुण्याला दवाखान्यात नेलंय. अजून शुद्ध नाही.

मग असल्या गोष्टी मला आवडतात कशाला? लेखकाच्या चुका सापडतात म्हणून, असं मी चारचौघांत सांगतो. ते खरं नाही. वाचताना मी कधी मरत नाही. फावडं माझ्याच हातात असतं, आणि समोरच्याला नाव नसतं.

धाकटा भाऊ गणपत आत्ताच येऊन गेला.

"दादा, उद्या पाळी आपली हाय. महादूची माणसं दार सोडायची न्हाईत. येताय का वाचत बसताय?"

"रिकाम्या हातानं?"

"मग काय पूजेला चाललोय व्हय?"

आपल्या फावड्याचा दांडा सैल आहे, मारताना हातात फिरेल, नवा घाल, असं मी त्याला सांगितलं. सांगताना बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?