बंद घराची सरासरी

गुंद. मंगळवार, संध्याकाळ.

वीज ऑफिसात आज तिसरी खेप. गेल्या वर्षीच्या महिन्याच्या सरासरीइतकी वीज सरकार माफ करतं, वर जळेल तिचं बिल. माझी सरासरीच चुकली आहे. सुमनच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघं नवरा-बायको चार महिने बेळगावच्या दवाखान्यात होतो, घराला कुलूप. तरी वर्षाच्या बेरजेला बारानं भागलं. आठानं का नाही?

कारकून म्हणाला, "काका, मीटर शून्य दाखवतंय म्हणजे तुम्ही शून्यच वापरलं की."

"घरात माणूसच नव्हतं हो."

"मग फ्रिज तरी चालू ठेवायचा न्हवं!" शेजारच्या टेबलावरचा हसला. "मेन स्विच का बंद केला ते अर्जात लिहा, बघू. आणि आता एकटेच हायसा, लागतंय किती तुम्हाला?"

शी. माणसं आहेत की काय? मी उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

मेन स्विच सुमननंच काढायला लावला होता. जीप दारात उभी, तिला धड बसवत नव्हतं, तरी म्हणाली, "मेन काढलासा काय? उगाच मीटर फिरायला नको." मी परत आत जाऊन काढला.

आणि आज त्या बाकावर बसून माझ्या मनात आलं, तेव्हा हिचं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. क्षणभरच, पण आलं. त्या दोघांपेक्षा मला माझीच किळस आली.

अर्ज उद्या पुन्हा देणार. चार महिन्यांचे दवाखान्याचे कागद जोडीन. मेन स्विचचं मात्र एक अक्षर लिहिणार नाही.